काम हातात घेण्याआधी तीन माणसं ओळखा

बडोद्यातल्या मांजलपूरची एक तरुण डिझायनर ब्रोशर, छोट्या वेबसाइट आणि पॅकिंगची कामं स्वतंत्रपणे करते. तिने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: फोनवर काम पक्कं होतं, मी लगेच सुरुवात करते. मग महिनाभर लोगो येत नाही, मजकूर येत नाही. सगळं होत आलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस बघतं आणि रंगच नको म्हणतं. अ‍ॅडव्हान्स मागायला संकोच वाटतो. क्लायंट ऑनबोर्डिंग, म्हणजे नवं काम घेतानाची सुरुवातीची बोलणी, कागद आणि सामान, सुरळीत व्हावं म्हणून कुठलं अ‍ॅप घेऊ, करार कसा करू? आत्ताही दोन कामं अशीच अडकून पडली आहेत.

मी बडोद्यातच पॅकेजिंग आणि कारखान्यांचे कॅटलॉग करते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. अ‍ॅपचं शेवटी बोलू, कारण तुमची अडचण अ‍ॅपने सुटणारी नाही. तुम्ही ज्याला क्लायंट म्हणता ती एक व्यक्ती आहे असं धरून चालता, आणि आपल्या शहरात बहुतेक वेळा तसं नसतं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला कारखाना घ्या, वाघोडिया रोडचा फरसाणवाला घ्या किंवा रावपुऱ्यातलं दुकान घ्या; बहुतेक घरचे धंदे आहेत. काम आणतो मुलगा किंवा पुतण्या. तो तुमच्या वयाचा असतो, इन्स्टाग्रामवर तुमचं काम बघून फोन करतो. होकार-नकार असतो वडिलांच्या किंवा मोठ्या काकांच्या हातात. आणि पैसे सोडतो अकाउंटंट, ज्याला तुमचं नावसुद्धा माहीत नसतं. आणणारा, पक्कं करणारा आणि पैसे सोडणारा, अशी ही तीन माणसं. परदेशी नमुन्यांवरून घेतलेले ऑनबोर्डिंगचे फॉर्म फक्त पहिल्याशी बोलतात, म्हणून ते इथे चालत नाहीत. रंग नको म्हणणारं ते मोठं माणूस अचानक उगवलेलं नसतं. ते पहिल्या दिवसापासून तिथेच असतं, आपण त्याच्यापर्यंत पोचलेलो नसतो.

म्हणून पहिल्या फोनचं काम भाव सांगणं नाही, ही तीन माणसं शोधणं हे आहे. "तुमच्याकडे डिसिजन कोण घेतं?" असं थेट विचारलं की मुलगा दुखावतो आणि "मीच घेतो" म्हणतो. त्याऐवजी मागच्या कामाबद्दल विचारा. आधीचं कॅटलॉग कुणी पास केलं होतं? छापायला देण्याआधी कुणी वाचलं? प्रिंटरचं बिल कुणाकडे जातं? या तीन उत्तरांत तिन्ही माणसं सापडतात, आणि कुणाचा मानही दुखावत नाही.

त्याच फोनवर आणखी थोडं विचारून घ्या. काम कशासाठी हवं आहे, आणि दिलेल्या तारखेमागे काय आहे? प्रदर्शनात स्टॉल बुक झाला असेल तर ती तारीख खरी. "दिवाळीच्या आधी" ही बहुधा इच्छा असते. इथलं कॅलेंडर डोळ्यांपुढे ठेवूनच तारीख द्यायची. नवरात्रात बडोद्यात संध्याकाळनंतर कुणी फोन उचलत नाही. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत गुजराती पेढ्या बंद असतात, मुहूर्त करूनच उघडतात. उत्तरायणाचे दोन दिवस सगळे गच्चीवर. मार्चच्या शेवटी अकाउंटंट कुणालाच सापडत नाही. या दिवसांत मंजुरी किंवा पेमेंट येईल असं धरून वेळापत्रक केलं की ते कोलमडणारच. आणि एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: याआधी हे काम कोण करत होतं, आणि त्यांच्याकडून का काढलं? उत्तर ऐकून कधी कधी काम न घेणंच शहाणपणाचं ठरतं.

फोनवर भाव विचारला जाणारच. तुमच्या कामाची पट्टी सांगा, आकडा सांगू नका: "पाऊचचं काम साधारण इतक्यापासून सुरू होतं, नेमकं सगळं बघून दोन दिवसांत लिहून पाठवते." घाईत दिलेला आकडा पुढे कमी होतो, वाढत कधीच नाही.

यानंतर दुसऱ्या माणसाला, म्हणजे पक्कं करणाऱ्याला, भेटायचं. माझा आग्रह आहे की ही भेट प्रत्यक्ष व्हावी, त्यांच्या जागेवर व्हावी, आणि कोटेशन देण्याआधी व्हावी. वीस मिनिटं पुरतात. "शेठना पाच मिनिटं नमस्कार करायचा आहे, माल कसा बनतो तेही बघायचं आहे," असं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. जाताना तीन-चार छापील नमुने न्या, स्क्रीन नको. वडीलधाऱ्या माणसाला पाऊच हातात धरूनच कळतो. त्यातलं काय आवडतं यापेक्षा काय अजिबात नको ते विचारा. कुणाला काळा रंग अशुभ वाटतो, कुणाला आजोबांचा फोटो हवाच असतो, कुणाला शेजारच्या कंपनीसारखं काहीही नको असतं. "नको" ची यादी या भेटीत मिळाली की शेवटच्या क्षणीचे निम्मे नकार तिथेच संपतात.

त्याच संध्याकाळी निरोप लिहायचा. उद्यावर टाकायचा नाही. तो आणणाऱ्याला आणि पक्कं करणाऱ्याला, दोघांनाही जायला हवा, म्हणून मी दोघांचा छोटा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करते. बहुतेकांना गुजरातीत पाठवते. मराठीत सांगायचं तर तो असा असतो:

"नमस्कार शेठ, आज भेटून आनंद झाला. ठरलं ते असं: चेवड्याचे तीन स्वाद, प्रत्येकाचे २०० आणि ५०० ग्रॅमचे पाऊच, म्हणजे एकूण सहा डिझाइन. रंग आणि चित्र तुम्ही पक्कं करणार, मजकूर धाकटे भाई तपासणार. काळा रंग आणि माणसाचं चित्र नको. मजकूर, लोगो आणि पहिला हप्ता हे तिन्ही ज्या दिवशी पोचेल तिथून अठरा दिवसांत काम पूर्ण. यात काही राहिलं असेल तर उद्यापर्यंत सांगा, परवा कोटेशन पाठवते."

यातल्या "एकूण सहा डिझाइन" कडे लक्ष द्या. फोनवर ते "एक पाऊच करायचा आहे" असंच म्हणालेले असतात. तीन स्वाद गुणिले दोन वजनं हा हिशोब कुणी बोलत नाही, आणि काम एकाचं सहा होतं. संख्या उघड लिहिली की वाद होत नाही. वेबसाइटचंही तसंच आहे: पानं किती, भाषा किती, मालाच्या नोंदी किती आणि त्या भरणार कोण, हे आकड्यांत लिहा.

दुसरी महत्त्वाची ओळ "तिन्ही ज्या दिवशी पोचेल तिथून" ही आहे. तुमचा महिना वाया जातो तो इथे. काम सुरू झालं असं तुम्ही समजता, ते मात्र निवांत असतात, कारण चेंडू तुमच्याकडे आहे असं त्यांना वाटतं. तारीख त्यांच्या सामानापासून मोजली जाणार हे कळलं की मुलगा स्वतःच लोगोच्या मागे लागतो. सामान येईपर्यंत एकही स्केच करायचं नाही. तात्पुरता मजकूर टाकून डिझाइन दाखवण्याचा मोह फार होतो, पण खरा मजकूर दुप्पट निघाला की सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

आता सामानाबद्दल जरा सविस्तर, कारण ऑनबोर्डिंगमध्ये खरे पैसे इथे वाचतात किंवा बुडतात. "मजकूर पाठवा" असं लिहिलं तर काहीही येत नाही, कारण मजकूर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसतं. यादी त्या-त्या कामाची, वस्तूंची नावं घेऊन द्यावी लागते. फरसाणाच्या पाऊचसाठी माझी यादी अशी असते: एफएसएसएआय म्हणजे अन्न प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, परवान्यावर जसं छापलंय तसंच उत्पादकाचं नाव आणि पत्ता, घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, शेंगदाणे-काजू-दूध अशा अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची नोंद, लॅबकडून आलेला पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, टिकण्याची मुदत, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आणि बारकोड देणाऱ्या जीएस१ या संस्थेकडून घेतलेला बारकोड. हा भारतात घेतलेला असेल तर ८९० ने सुरू होतो. शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एमआरपी "सर्व करांसहित" हे शब्द आणि प्रति ग्रॅम किंमत यांची जागा मी राखते. एमआरपी, बॅच आणि तारीख पॅकिंगच्या वेळी मशिनने उमटतात, म्हणून तेवढी पट्टी कोरी ठेवावी लागते आणि तिची जागा त्यांच्या मशिनप्रमाणे ठरते. ती मोजून घ्या, तिथे शाई धरेल असा हलका रंग ठेवा. हे सगळं २०११ च्या लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजनमापांच्या) पॅकबंद वस्तूंच्या नियमांतून आणि अन्न प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांतून येतं. पालन करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि तसं कोटेशनमध्ये लिहायचंच, पण यादी आपण दिली की आपली किंमत वाढते. शेठच्या मनात तुम्ही चित्र काढणारी मुलगी राहत नाही, कामातली जाणकार होता.

पाऊचच्या बाबतीत ही काळजी आणखी एका कारणासाठी. असे पाऊच ग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापतात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर कोरला जातो. परवाना क्रमांकातला एक आकडा चुकला आणि सिलिंडर झाल्यावर लक्षात आलं, तर निदान त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा करावा लागतो, आणि तो खर्च कुणाचा यावरून वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. म्हणून मजकुराची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे खूण आणि खाली सही घ्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा इथे पुरेसा नाही. ही सही घ्यावी लागणार आहे हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. शेवटी मागितली की अविश्वास वाटतो.

कारखान्याच्या कॅटलॉगसाठी यादी वेगळी. व्हॉल्व्ह बनवणारा असेल तर साइजचा तक्ता, प्रेशर क्लास १५० की ३००, मटेरियल एसएस ३०४ की ३१६, ड्रॉइंग, आणि आयएसओ प्रमाणपत्राची प्रत, मुदत संपलेली नाही ना हे बघून. हे आणणाऱ्या मुलाकडे नसतं, कारखान्यातल्या इंजिनिअरकडे असतं. इथे एक चौथा माणूस आला. त्याचा नंबर थेट मागून घ्या आणि शेठच्या तोंडून त्याला एक फोन करवून घ्या. एवढ्याने जे काम पंधरा दिवसांत होत नाही ते दोन दिवसांत होतं.

लोगोचं दुखणं सगळ्यांचंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो दबलेला असतो, छपाईला चालत नाही. "ओरिजनल पाठवा" म्हटलं की तोच फोटो पुन्हा येतो. त्यापेक्षा त्यांच्या प्रिंटरचा नंबर घ्या. आपल्याकडे बहुतेक प्रिंटरकडे कोरलड्रॉची फाइल असतेच, आणि ती डॉक्युमेंट म्हणून मागवा. तेवढ्यात फाइलमधली गुजराती अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकृतींत बदललेली, आहेत का तेही विचारा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली फाइल तुमच्या मशिनवर उघडली की अक्षरांचा चुथडा होतो. आणि लोगो कुठेच नसेल तर तो पुन्हा काढण्याचे वेगळे पैसे, ही ओळ कोटेशनमध्ये पहिल्यापासून असू द्या.

कोटेशन आणि करार हे दोन वेगळे कागद मी करत नाही. एक पानी कागद, जास्तीत जास्त दीड. लांब करार बघून शेठ तो वकिलाकडे पाठवतात आणि तिथे तो महिनाभर पडतो. काय करणार, काय करणार नाही, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, फाइल कुणाची आणि काम मध्येच थांबलं तर काय, एवढं त्यात आलं की झालं. दुरुस्तीची व्याख्या मात्र नीट लिहा. "दोन वेळा दुरुस्ती" या शब्दांना अर्थ नाही. रोज एक बदल सांगणाऱ्याच्या दृष्टीने ती पहिलीच वेळ चाललेली असते. मी लिहिते: सर्वांच्या सूचना एकत्र करून, एकाच निरोपात, पक्कं करणाऱ्याच्या नंबरवरून येतील ती एक वेळ. यामुळे घरातली चर्चा घरातच होते. मुलाला एक, काकांना दुसरं, असं तुमच्या मध्यस्थीने चालत नाही.

"करार केला नाही तर कायद्यात काही आधार नाही का?" असं अनेकजण विचारतात. आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अशा कामाचा तोंडी करारही वैध असतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०ए मुळे ईमेल किंवा निरोपातून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही. तेव्हा पीडीएफ पाठवून "मान्य आहे, काम सुरू करा" असं उत्तर लेखी आलं तरी मोठा आधार आहे. पण एका बाबतीत सही लागते: कॉपीराइट. १९५७ च्या कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेल्या डिझाइनचा आणि मजकुराचा पहिला मालक सहसा तो स्वतःच असतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंचं वेगळं आहे, तिथे वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला मालक काम देणारा असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या फरसाणवाल्याच्या हे कामाचं आहे. "शेवटचं पेमेंट आल्यावर सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी तुमचे" ही ओळ लिहून खाली दोघांच्या सह्या करा. ही ओळ त्यांच्या फायद्याची आहे आणि शेवटचा हप्ताही तीच सोडवते.

आता अ‍ॅडव्हान्स. तुमचा संकोच मी समजू शकते. आपल्या मराठी घरांत नोकरीची परंपरा, पैसे महिन्याच्या शेवटी न मागता येतात. पण ज्याच्याकडून तुम्ही मागणार आहात तो व्यापारी आहे. त्याने मशिन मागवलं तर अ‍ॅडव्हान्स देतो, सिलिंडरवाल्याला देतो, मंडपवाल्याला देतो. त्याला त्यात अपमान वाटत नाही, न मागणाऱ्याबद्दल मात्र शंका येते. वाक्य साधं ठेवा: "चाळीस टक्के आल्यावर तारीख लागते, चाळीस डिझाइन पास झाल्यावर, वीस छपाईची फाइल देताना." कारणं सांगत बसू नका. हे भेटीतच, पक्कं करणाऱ्याला सांगा. मुलाला सांगितलं तर त्याला घरी विचारावं लागतं आणि तो अवघडतो.

होकार शेठने दिला तरी पैसे तिसरा माणूस सोडतो. त्याच्याशी तुमची ओळख बिल पाठवण्याच्या दिवशी होत असेल तर उशीर ठरलेलाच. काम ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला एक निरोप पाठवा: नाव, पत्ता, पॅन, बँकेचे तपशील आणि रद्द केलेला चेक, जीएसटी असेल तर क्रमांक, नसेल तर "नोंदणी नाही" असं स्पष्ट, आणि उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक. मग दोन प्रश्न विचारा. बिल कुठल्या तारखेपर्यंत आलं म्हणजे त्या महिन्यात निघतं? आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कशाखाली कापणार? दुसरा प्रश्न विचारला की तो तुम्हाला गंभीरपणे घ्यायला लागतो. वर्षानुवर्षं १९४जे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात, आणि एप्रिल २०२५ पासून त्याची वार्षिक मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली. काही अकाउंटंट तेच काम कंत्राट धरून, १९४सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली, १ टक्का कापतात. ६०,००० च्या बिलावर हातात ५४,००० येणार की ५९,४०० हे आधी माहीत असलेलं बरं, विशेषतः प्रिंटरला पुढे पैसे द्यायचे असतात तेव्हा. कापलेली रक्कम बुडत नाही, प्राप्तिकर पोर्टलवर तुमच्या कर-विवरणात दिसते आणि रिटर्न भरताना वळती होते. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के कापली जाते.

जीएसटीबद्दल एवढंच: सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, पुण्याच्या किंवा इंदूरच्या क्लायंटचं काम केलं तरीही नाही. आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. क्लायंट "जीएसटी बिल द्या" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

उद्यम नोंदणीचा आग्रह मात्र मी धरेन. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून ती फुकट होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण मिळतं. लेखी ठरलेलं असेल तर ठरल्या मुदतीत, पण ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. व्याज प्रत्यक्षात फार कमी लोक मागतात. खरं वजन दुसऱ्या गोष्टीचं आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात ४३बी(एच) ही तरतूद आणली: अशा उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंटंट स्वतः उद्यम असलेल्यांची थकलेली बिलं शोधतात. बिलावर तो क्रमांक छापलेला असू द्या. धमकीची भाषा कधीही नको, नुसता क्रमांक पुरतो.

ओळखीच्या माणसांची कामं हा आपल्या समाजातला नाजूक विषय आहे. दांडिया बाजारातले कुणी काका, आईच्या भजनी मंडळातल्या मावशींचा मुलगा, गणेश मंडळाची पावती आणि पत्रक. इथे मी दोनच रस्ते मानते. एक तर काम पूर्ण फुकट करायचं, पण काय ते ठरवून: एक पत्रक, एक दुरुस्ती, अमुक तारखेला. नाहीतर इतरांसारखंच एक पानी कागद करून, त्यात सवलत वेगळ्या ओळीत दाखवून. "तुला जे द्यायचं ते दे" हा तिसरा रस्ता घेऊ नका, त्यात पैसेही जातात आणि नातंही आंबतं. कागद पाठवताना "काका, मी सगळ्यांना हाच पाठवते" म्हटलं की पुरे. खरंच सगळ्यांना पाठवत असाल तर हे म्हणताना आवाज अडखळत नाही.

परदेशी क्लायंट आले तर ही तीन माणसं बहुतेक एकच असतात आणि फॉर्म भरून येतो, त्यामुळे सोपं जातं. पैसे परकीय चलनात येऊ द्या, बँकेकडून आवक रकमेचा दाखला घेऊन ठेवा, आणि जीएसटी नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरा म्हणजे निर्यातीवर कर भरावा लागत नाही.

आता अ‍ॅप. सध्या काही विकत घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबलं आणि तयार उत्तरं फुकट मिळतात. "सामान बाकी", "मंजुरी बाकी", "पेमेंट बाकी" अशी तीन लेबलं करा, कारण तीच तीन माणसांकडे अडकलेली तीन कामं असतात. प्रत्येक क्लायंटसाठी ड्राइव्हवर एक फोल्डर, आत ठरलेल्या नावांची पोटफोल्डर. आणि यादी गूगल शीटमध्ये, ज्यात कुठली वस्तू, कोण देणार, आली का, एवढे तीन रकाने. गूगल फॉर्म करायचाच तर स्वतःसाठी करा. वडीलधाऱ्या शेठला लिंक पाठवली तर ती उघडलीही जात नाही. त्यांच्यासमोर बसून, चहा येईपर्यंत, प्रश्न विचारत तुम्हीच तो भरा. मग त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवताना जे बदल निघतात ते एरवी सिलिंडर झाल्यावर निघाले असते.

तुमच्या अडकलेल्या दोन कामांचं असं करा. दोन्हीकडे नवीन डिझाइन काढणं आज थांबवा. ज्यात मजकूर येत नाही, तिथे वस्तूंची नावं घेऊन यादी पाठवा, प्रत्येकीपुढे कोण देणार ते लिहा, आणि "हे सगळं आल्यापासून बारा दिवसांत पूर्ण" अशी ओळ घाला. आठवडाभरात हालचाल झाली नाही तर फोन मुलाला नको, वडिलांना करा आणि फक्त भेटीची वेळ मागा. ज्यात रंग नाकारला गेला, तिथे आत्तापर्यंत झालेल्या कामाचं बिल आधी पाठवा, मग शेठना भेटून "नको" ची यादी घ्या, आणि नव्या रंगांचं काम दुसरी फेरी म्हणून वेगळ्या रकमेसह एका पानावर लिहून द्या. ते घासाघीस करतील. थोडं सोडायला हरकत नाही, पण सोडलेली रक्कम त्या पानावर दिसू द्या आणि पान अकाउंटंटलाही पाठवा.